दोन दिवसांसाठी आलोय, काही काम आहे का?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की फिरायला गेल्यावर किंवा नव्या जागी राहायला गेल्यावर तिथल्या पर्यावरणाच्या ग्रुपबरोबर काम करायचं असेल तर तुम्हाला काय काय प्रश्न पडतात. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॲपवर तर लोकांनी अक्षरशः निबंध पाठवलेत. सगळे छापणं शक्य नाही, जे पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत आणि लांबलेली पत्रं थोडी छाटलीत, राग मानू नका. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको वर्षातून एकदा कुठेतरी लांब फिरायला जातो. नुसतं बघून आणि फोटो काढून परत यायचा आता कंटाळा आलाय. एखाददोन दिवस तिथल्या लोकांबरोबर काहीतरी काम करावंसं वाटतं. पण एवढ्याशा वेळात मदत होते का, की त्यांना आपलीच अडचण?

उत्तर : दोन्ही होऊ शकतं, आणि त्यातलं कुठलं होणार ते तुम्ही काम कसलं निवडता यावर आहे. काही कामं अशी असतात की शिकायला दहा मिनिटं लागतात आणि हात जितके जास्त तितकं बरं, म्हणजे किनारा किंवा नदीकाठ साफ करणं, रोपवाटिकेत पिशव्या भरणं, पावसाने वाहून गेलेली पायवाट नीट करणं, आणि माझ्या मते सगळ्यात मस्त म्हणजे बाहेरून येऊन माजलेली झाडं उपटणं. ब्रिटनमध्ये हिमालयन बाल्सम नावाचं एक झाड नदीकाठांवर नुसतं माजलंय, आपल्या तेरड्याच्याच कुळातलं आहे ते, १८३९ मध्ये बागेत शोभेसाठी नेलं आणि मग ते कुंपणाबाहेर पडलं ते पडलंच. एका झाडाला ८०० पर्यंत बिया येतात आणि शेंग तडकली की बी ७ मीटरपर्यंत लांब उडतं. पण मूळ अगदी वरवर असतं, त्यामुळे कुणीही हाताने उपटू शकतं, फक्त बी धरायच्या आत उपटायला हवं, म्हणून तिथले ग्रुप त्या सीझनमध्ये येईल त्याला हातमोजे देऊन कामाला लावतात. अशा ठिकाणी तुमचा एक दिवस खरोखरच त्यांच्या कामी येतो.

याउलट प्राणी हाताळणं, जंगलात मोजणी करणं, शाळेत जाऊन मुलांना काही शिकवणं असली कामं दोन दिवसांत होत नाहीत. तिथे तुम्हाला शिकवण्यातच कुणाचा तरी अख्खा दिवस जातो आणि तुम्हाला जरा जमायला लागलं की तुमची परतीची गाडी असते. ज्या ग्रुपकडे दोनच पगारी माणसं आहेत त्यांच्यासाठी हा तोट्याचाच सौदा.

शोधायचं कसं हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. सगळ्यात सोपं म्हणजे त्यांनी आधीच जाहीर केलेल्या, सगळ्यांना खुल्या असलेल्या दिवशी जायचं, तुमच्यासाठी वेगळं काही उभं करायला लावायचं नाही. अशा दिवसांची माहिती तिथल्या सार्वजनिक लायब्ररीत, नॅशनल पार्कच्या ऑफिसात, बोटॅनिकल गार्डनच्या बोर्डावर, फेसबुकवरच्या लोकल ग्रुपमध्ये मिळते. सप्टेंबरात जाणार असाल तर फारच सोपं, कारण त्या महिन्यातल्या तिसऱ्या शनिवारी इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअप असतं आणि २० सप्टेंबरला वर्ल्ड क्लीनअप डे. या दुसऱ्याची सुरुवात एस्टोनियातली, २००८ मध्ये तिथे एका दिवसात जवळपास ५०,००० लोकांनी अख्ख्या देशातला उघड्यावर पडलेला कचरा उचलला होता.

दोनेक आठवडे आधी एक छोटा मेल टाका. आम्ही दोघं, अमुक तारखांना आहोत, वजन उचलू शकतो किंवा नाही, कुठली भाषा येते, राहायची सोय आमची आम्ही केलीय, आणि त्या दिवशी तुमचं जे काम असेल ते करू. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा आणि मग सोडून द्या, ती माणसं स्वतःची नोकरी सांभाळून हे करत असतात.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या भाचीने एक प्रोग्रॅम शोधून काढलाय, आफ्रिकेत महिनाभर राहायचं आणि अनाथ सिंहाच्या पिल्लांना बाटलीने दूध पाजायचं. फी भरपूर आहे. घरात सगळे भारावलेत, मला मात्र कुठेतरी खटकतंय पण नेमकं काय ते सांगता येत नाहीये.

उत्तर : ताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे. भाचीला एकच प्रश्न विचारायला सांगा, दर महिन्याला नवीन व्हॉलंटियर येतात आणि प्रत्येक बॅचला पाजायला पिल्लं असतातच, तर एवढी अनाथ पिल्लं येतात कुठून?

ती अनाथ नसतात. दक्षिण आफ्रिकेत बंदिस्त सिंहांची पैदास हा एक धंदाच झालाय. पिल्लू काही दिवसांचं असतानाच आईपासून काढून घेतात, त्याने दोन गोष्टी होतात, एक म्हणजे पिल्लू माणसाळतं आणि दुसरं म्हणजे सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते आणि पुढची वीण तयार. पिल्लू मांडीवर घेण्याजोगं काही महिनेच असतं, मग थोडी मोठी झाली की त्यांच्याबरोबर पर्यटकांना फिरवतात, आणि पूर्ण वाढलेल्या सिंहाचं काय करायचं तर कुंपणाच्या आत पैसेवाल्या शिकाऱ्यांसमोर सोडतात, नाहीतर हाडं विकतात. जंगलात सोडणार असं ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं पण बाटलीवर वाढलेल्या, माणसाची भीती नसलेल्या, कळपात न वाढलेल्या सिंहाला जंगलात सोडता येत नाही, तो सरळ गावातच यायचा. तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीनेच २०२१ मध्ये हा बंदिस्त सिंहांचा धंदा बंद करावा अशी शिफारस केली आणि सरकारने ती जाहीरपणे मान्यही केली. म्हणजे हे काही चार प्राणीप्रेमी लोकांचं भावनिक बोलणं नाहीये.

आता याचा अर्थ पैसे भरावे लागतात ते सगळे प्रोग्रॅम फसवे, असं अजिबात नाही, हाही एक गैरसमज पत्रांमधून बराच दिसला. अर्थवॉच नावाची संस्था १९७१ पासून हेच करतेय, व्हॉलंटियर पैसे भरतात, त्यातून शास्त्रज्ञांच्या फील्डवर्कचा खर्च निघतो आणि व्हॉलंटियर त्यांच्या हाताखाली मोजमापाचं काम करतात. तुम्ही तिथे खाता, राहता, कुणीतरी तुम्हाला शिकवतं, त्याचा खर्च एखाद्या छोट्या संस्थेने का करावा? फक्त तो पैसा कुठे जातो ते विचारायचं आणि सरळ उत्तर आलं नाही तर पुढे जायचं.

प्राण्यांच्या बाबतीत माझी फूटपट्टी अशी की जिथे पाहुण्यांना प्राण्याला हात लावू देतात तिथे जायचं नाही. ग्लोबल फेडरेशन ऑफ ॲनिमल सँक्च्युअरीज म्हणून एक संस्था आहे, २००७ मध्ये सुरू झालेली, ती अशा केंद्रांना तपासून मान्यता देते, आणि तिच्याही अटी साधारण याच दिशेच्या आहेत, प्राण्यांची पैदास नको, विक्री नको, लोकांशी अंगाला अंग नको. मागच्या वर्षीचे प्राणी आज कुठे आहेत हे पण विचारा, चांगल्या केंद्राकडे याचं उत्तर नोंदीसकट असतं. आणि भाचीला आधीच सांगून ठेवा की खऱ्या रेस्क्यू सेंटरमध्ये गेली तर महिनाभर पिंजरे धुणं, फळं चिरणं आणि वजनाच्या नोंदी ठेवणं एवढंच वाट्याला येईल, ज्या प्राण्याला परत जंगलात सोडायचंय त्याच्या नजरेलाही तिला पडू देणार नाहीत. हे ऐकूनही तिला जायचं असेल तर जरूर पाठवा, ती कामाची मुलगी आहे.

प्रश्न : टुरिस्ट व्हिसावर व्हॉलंटियरिंग चालतं ना? पगार घेत नाही म्हटल्यावर काय अडचण असणार?

उत्तर : असं धरून चालू नका. बऱ्याच देशांच्या कायद्यात पगार घेतला की नाही यापेक्षा तुम्ही काम केलं का, आणि त्या बदल्यात काही मिळालं का, हे बघतात. न्यूझीलंडमध्ये शेतावर काम करून त्या बदल्यात राहायला-खायला मिळत असेल तर ते कामच धरतात आणि त्यासाठी काम करायची परवानगी देणारा व्हिसा लागतो. १९७१ मध्ये इंग्लंडात सुरू झालेली वूफ नावाची जी सेंद्रिय शेतीवाली चळवळ आहे, शेतावर राबायचं आणि तिथेच राहायचं, तिच्यातून जाणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवायचंय, कारण ती सगळी उभीच या देवाणघेवाणीवर आहे. ब्रिटनचं वेगळं, तिथे व्हिजिटर म्हणून गेलेल्या माणसाला रजिस्टर्ड चॅरिटीसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत व्हॉलंटियरिंग करता येतं, पण तुमच्या येण्याचं मुख्य कारण ते नसावं. म्हणजे फिरायला आलात आणि एक शनिवार बाल्सम उपटलंत, चालेल, महिनाभर बाल्सम उपटायलाच आलात, नाही चालणार.

त्यामुळे प्रत्येक देशाच्या इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर जाऊन वाचायचं, आणि संस्थेकडून लेखी विचारून घ्यायचं. "काळजी करू नका, एअरपोर्टवर फक्त फिरायला आलोय असं सांगा" असं जी संस्था म्हणते तिला तिथेच रामराम ठोका, कारण परत पाठवलं तर तुम्हाला पाठवतील, तिला नाही.

प्रश्न : खरं सांगू का, ही किनारा सफाई म्हणजे नुसता फोटोचा कार्यक्रम असतो. सकाळी उचलायचं आणि पुढच्या भरतीला तेवढाच कचरा परत. यात लोकांचा वेळ का घालवता?

उत्तर : फोटोचा कार्यक्रम असतो हे बऱ्याच ठिकाणी खरंय, टीशर्ट एकसारखे, बॅनर मोठा आणि पोती चार. भरतीला कचरा परत येतो हेही खरं. पण तुम्ही उचलण्याकडे बघताय, मी मोजण्याकडे बघतेय.

१९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअपची सुरुवात झाली तेव्हापासूनच नुसता कचरा उचलायचा नाही तर प्रत्येक वस्तू कार्डावर टिपायची अशी पद्धत ठेवली गेली. बरीच वर्षं जगभरातल्या त्या यादीत पहिल्या नंबरवर सिगरेटची थोटकं होती, आणि त्यातला तो पांढरा कापसासारखा फिल्टर हा कापूस नसतो, प्लास्टिकचाच प्रकार असतो, हे खूप लोकांना त्या मोजणीमुळेच कळलं. युरोपात तर किनाऱ्याचा १०० मीटरचा ठरावीक पट्टा घेऊन वर्षातून अनेकदा, तोच पट्टा, त्याच पद्धतीने मोजतात, आणि हे काम मोठ्या प्रमाणात व्हॉलंटियर करतात. या मोजणीतून सगळ्यात जास्त सापडणाऱ्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या १० वस्तू निघाल्या, त्यात मासेमारीचं सामान मिळवलं तर समुद्री कचऱ्यातला ७० टक्के भाग होतो असं युरोपियन कमिशनने मांडलं, आणि त्यावर २०१९ चा कायदा आला. जुलै २०२१ पासून तिथे प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, स्ट्रॉ, कान कोरायच्या काड्या विकायला बंदी आहे. कुणीतरी थंडीवाऱ्यात वाकून कान कोरायच्या काड्या एक एक करून मोजल्या म्हणून हे झालं, नाहीतर मंत्र्याला काय माहीत की किनाऱ्यावर काड्या पडतात.

तर जिथे जाल तिथे विचारा की नोंद कशावर करताय. नोंद नसेल तर करूया का म्हणा, कागद-पेन पुरतं. आणि एक उलटी गोष्टही सांगते, सगळं चकाचक करायचं नसतं. भरतीच्या रेषेवर जे शेवाळ आणि काडीकचरा साठतो त्यात बारीक किडे राहतात आणि किनाऱ्यावरचे पक्षी त्यावर जगतात, प्लास्टिक तेवढं काढायचं आणि शेवाळ तसंच ठेवायचं. फावड्याने सगळंच ओढून नेणारे ग्रुप असतात, फोटो छान येतो पण पक्षी उपाशी.

प्रश्न : आमच्या ऑफिसची ट्रिप एका किनाऱ्यावर जातेय आणि तिथे ५०० खारफुटीची रोपं लावायचा कार्यक्रम ठेवलाय. हे चांगलंच आहे ना?

उत्तर : असू शकतं. रोपं कसली, लावणार कुठे आणि पुढच्या वर्षी बघणार कोण, हे तीन प्रश्न आयोजकांना विचारा.

खारफुटीत नेहमी कांदळाच्या जातीची रोपं लावली जातात कारण त्याच्या शेंगेसारख्या लांब काड्या झाडाला लटकतात, गोळा करायला सोप्या आणि चिखलात खोचायला तर त्याहून सोप्या, पिकनिकच्या लोकांना झटपट जमतं. पण कांदळ कुठेही जगत नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खालच्या चिखलात लावला तर तो दिवसातले फार तास पाण्याखाली राहतो, मुळांना हवा मिळत नाही, अंगावर शिंपले चढतात आणि काही महिन्यांत संपतो. शिवाय तो चिखल रिकामा वाटला तरी रिकामा नसतो, लांबून उडत येणारे पक्षी तिथेच चरतात. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत हौसेने आणि भरपूर पैसा ओतून लागवडी झाल्या आणि त्यातल्या कितीतरी ठिकाणी जवळपास काहीच उरलं नाही, कारण जागा चुकलेली होती.

उलटं उदाहरणही आहे. फ्लोरिडात वेस्ट लेक पार्कमध्ये रॉबिन लुईस या तज्ज्ञाने लागवडीवर भर दिलाच नाही, टाकलेला भराव काढला, भरतीच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या, आणि बिया पाण्याबरोबर आपोआप आल्या, जंगल उभं राहिलं. आता भराव काढणं ऑफिसच्या ट्रिपमध्ये कुणाला मिरवता येत नाही हे मला माहितीय. पण तिथल्या ग्रुपला विचारा तर खरं, कदाचित ते म्हणतील की रोपं नकोत, त्या नाल्याच्या तोंडाशी अडकलेल्या जाळ्या आणि प्लास्टिक काढून द्या. तेवढं केलंत तरी ५०० रोपांपेक्षा जास्त झालं समजा.

गवताळ माळावर झाडं लावायचं आमंत्रण आलं तरी हेच, आधी विचारायचं. माळ म्हणजे ओसाड जमीन नसते, तिथे गवतात राहणारे पक्षी-प्राणी असतात आणि त्यांना झाडं नकोच असतात.

प्रश्न : नोकरीसाठी नव्या देशात राहायला आलेय, दोन-तीन वर्षं तरी असेन. इथल्या नदीवर काम करणाऱ्या एका ग्रुपमध्ये जायला लागले. भाषा जेमतेम येते. लोक वाईट नाहीत, पण कुणी फारसं बोलत नाही, पोती उचलायला देतात आणि बाय म्हणतात. मी तर इंजिनिअर आहे, पाण्याच्या क्षेत्रातच काम केलंय, त्यांना माझा काही उपयोग करून घ्यायचा नाहीये का?

उत्तर : आहे गं, पण अजून नाही. त्यांच्या बाजूने बघ, तुझ्यासारखे उत्साही, शिकलेले लोक त्यांनी भरपूर पाहिलेत, येतात, पहिल्याच महिन्यात नवीन वेबसाइट करू म्हणतात, अर्धी करतात आणि बदली होऊन जातात, आणि मग त्या अर्ध्या वेबसाइटचा पासवर्डही कुणाकडे नसतो. म्हणून ते आधी बघतात की ही पावसातल्या रविवारी येते का.

काम संपल्यावर लगेच निघू नकोस, हत्यारं धुवायला आणि पोती मोजायला थांब, खऱ्या गप्पा तेव्हाच होतात. आणि जे काम कुणालाच नको असतं ते मागून घे. प्रत्येक ग्रुपमध्ये अशी कामं असतात, परवानगीचे अर्ज भरणं, हिशोब, हजेरीची शीट, फर्स्ट एडच्या पेटीतल्या एक्स्पायर झालेल्या गोष्टी बदलणं. मी जेवढे ग्रुप जवळून बघितलेत तेवढ्या सगळ्यांची अडचण ही असते की शनिवारी काम करायला माणसं मिळतात पण मंगळवारी रात्री बसून अर्ज भरायला कुणी मिळत नाही. तुझं पाण्याचं ज्ञान त्यांना हवंच असणार, फक्त ते "मी सांगते तुम्हाला" असं न येता, पाण्याचे नमुने घ्यायला कुणीतरी जातंय त्याच्याबरोबर बाटल्या धरायला जाऊन येऊ दे. त्याने तुला कळेल की ते आधीच काय काय करून चुकलेत. "आमच्याकडे असं करतात" हे वाक्य पहिलं वर्षभर तरी तोंडातून काढू नकोस.

भाषेचं म्हणशील तर झाडांची, माशांची आणि हत्यारांची नावं आधी शिक, व्याकरण मागाहून येतं. नावं आली की लोक आपणहून बोलायला लागतात, विशेषतः म्हातारी माणसं, आणि नदी पूर्वी कशी होती हे त्यांनाच माहीत असतं.

अजून दोन गोष्टी, जरा नाजूक आहेत. एक, ग्रुपमध्ये कोण नाही ते बघ. नदीवर मासे धरणारे आहेत का, काठावर राहणारे आहेत का, की सगळे पलीकडच्या चांगल्या वस्तीतलेच? असले ग्रुप कधीकधी नदी वाचवायची म्हणता म्हणता काठावरच्या गरिबाला उठवायच्या मागे लागतात, आणि बाहेरून आलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागतो. दोन, ग्रुपचं एखाद्या कंपनीशी किंवा तिथल्या सरकारशी भांडण चालू असेल तर मोर्चाला जायच्या आधी तुझ्या राहण्याच्या परवान्यात काय बसतं ते वाचून घे. इथे भित्रेपणाचा प्रश्न नाही, त्या भांडणात अडकून तुला देश सोडावा लागला तर ग्रुपलाही त्याचा त्रासच होणार.

प्रश्न : ट्रेकिंगचे बूट आहेत, तेच घेऊन गेलं तर चालेल ना? आणि नदीत उतरून काम करायचं असेल तर काही इंजेक्शन वगैरे?

उत्तर : बूट तेच चालतील, पण घासून धुवून आणि पूर्ण वाळवून. तळव्याच्या खाचांमधल्या मातीतून रोग आणि बिया देशोदेशी जातात. न्यूझीलंडमध्ये काउरी नावाचे प्रचंड जुने वृक्ष मातीतल्या एका सूक्ष्म रोगजंतूने मरतायत आणि तो बुटांच्या मातीतून पसरतो, म्हणून तिथे जंगलाच्या वाटांवर बूट घासायची, फवारायची स्टेशनं बसवलीत, काही वाटा तर सरळ बंदच केल्यात. तिथल्याच साउथ आयलंडवर २००४ मध्ये डिडीमो नावाचं शेवाळ सापडलं, ओल्या वस्तूवरचा एक थेंबही त्याला पुढच्या नदीत न्यायला पुरतो. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशीही अशीच ओल्या बुटांवरून, जाळ्यांवरून जाते. निसर्गाचं काम करायला गेलेल्या माणसानेच रोग नेला तर काय म्हणायचं! एका नदीवरून दुसऱ्या नदीवर जाताना तपासा, धुवा, वाळवा, तिन्ही करा, आणि वाळायला वेळ नसेल तर तिथल्या ग्रुपकडून गमबूट मागून घ्या.

तब्येतीचं म्हणाल तर धनुर्वाताचं इंजेक्शन चालू आहे ना ते डॉक्टरांना विचारा. पुराच्या किंवा गटाराचं पाणी मिसळलेल्या नदीत हातापायाला जखम असताना उतरू नका, उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस अशा जखमांतूनच शिरतो, आणि काम करून आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना नदीत उतरलो होतो हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. सुई, बाटली फुटलेली, केमिकलचा डबा, याला हात लावायचा नाही, ग्रुपच्या माणसाला बोलवायचं. आणि व्हॉलंटियरचा विमा आहे का हे विचारायला लाजू नका.

प्रश्न : मुलीकडे काही महिने राहायला येतो आम्ही. माझे गुडघे गेलेत, वाकता येत नाही, ही सगळी कामं तरुणांची दिसतात. मला काही आहे का?

उत्तर : काका, तुमच्यासाठी खिडकीतली खुर्ची पण चालेल. १९०० साली अमेरिकेत फ्रँक चॅपमन या पक्षीतज्ज्ञाने एक कल्पना काढली, तोपर्यंत नाताळात टोळ्या करून दिसेल तो पक्षी मारायची पद्धत होती, त्याऐवजी पक्षी मोजूया म्हणाला. पहिल्या वर्षी २७ माणसं होती. ती मोजणी अजून दरवर्षी चालू आहे आणि कुठला पक्षी किती कमी झाला हे शंभर-सव्वाशे वर्षांच्या नोंदींवरून सांगता येतं ते त्यामुळे. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतं, १९९८ पासून चालू आहे, चार दिवसांत कधीही, जगात कुठेही, किमान १५ मिनिटं बसायचं आणि दिसलेले पक्षी ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाकायचे. तुम्ही नवीन जागी असल्याने पक्षी ओळखू येणार नाहीत, पण मर्लिन नावाचं फुकटचं ॲप आहे ते आवाजावरूनही नाव सुचवतं, फक्त त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, पक्षी डोळ्यांनी दिसला तरच लिहा.

पक्षी नको असतील तर झूनिव्हर्स नावाची वेबसाइट बघा. जंगलात लावलेल्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्यांचे लाखो फोटो तिथे असतात, सेरेंगेटीतले तर फारच बघण्यासारखे, आणि कुठल्या फोटोत कुठला प्राणी ते आपण सांगायचं. प्रत्येक फोटो बऱ्याच जणांना दाखवतात त्यामुळे तुमचा एखादा चुकला तरी बिघडत नाही. रात्री झोप न येणाऱ्यांसाठी हे मी नेहमी सुचवते (डॉक्टर लोक स्क्रीनवरून रागावतील, ते तुमचं तुम्ही बघा).

प्रश्न : मुलं ६ आणि ९ वर्षांची. नेऊ का?

उत्तर : आधी विचारून न्या, बऱ्याच ग्रुपना विम्यामुळे वयाची अट असते. दीड-दोन तासांच्या वर नको. मुलं मोजणीत फार पक्की असतात, कार्ड त्यांच्या हातात द्या.

प्रश्न : रात्री कासव अंडी घालताना बघायला आणि पहाऱ्याला मदत करायला जाणार आहे. फोटो टाकले तर जागृती होईल ना?

उत्तर : रात्री फोटो नकोच. उजेड दिसला तर मादी अंडी न घालता परत फिरते, म्हणून पहारेकरी लाल उजेडाची बॅटरी वापरतात, तीही गरज पडली तरच. अंड्यांना तर हातच लावायचा नाही. घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि नंतर अंडं फिरलं तर तो मरतो. आणि वाळूच्या तापमानावर नर की मादी ते ठरतं, साधारण २९ अंशांच्या वर गेलं की माद्या जास्त, त्यामुळे घरटं कुठे आणि किती खोल हलवायचं हे शिकलेल्या माणसाचंच काम. दिवसा माणसांचे, कामाचे फोटो काढा, त्यांना विचारून, आणि लोकेशन बंद ठेवा. दुर्मिळ जातींची नेमकी जागा आय-नॅचरलिस्टसारखं निसर्गाच्या नोंदींचं ॲप स्वतःच लपवतं, पण तुमचं इन्स्टाग्राम लपवत नाही, आणि अंडी चोरणारेही इन्स्टाग्राम बघतात.

प्रश्न : चार वर्षं एका टेकडीवरच्या ग्रुपमध्ये होतो, आता बदली झाली. व्हॉट्सॲप ग्रुप सोडून टाकणं बरं दिसेल का?

उत्तर : ग्रुप सोडायचं नंतर बघू, आधी तुमच्याकडे काय काय अडकलंय त्याची यादी करा. ड्राइव्हवरच्या शीट तुमच्या पर्सनल मेलवर आहेत का, असतील तर ओनरशिप दुसऱ्या दोघांच्या नावावर करा, एकाच्या नको, तोही उद्या जाईल. हत्यारांच्या खोलीची किल्ली, टँकरवाल्याचा नंबर, वनखात्यात कुठल्या टेबलावर अर्ज द्यायचा, कुठल्या रोपांना कधी पाणी बंद करायचं, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे ते लिहून काढा आणि जायच्या आधी निदान दोन शनिवार नव्या माणसाला पुढे करून स्वतः मागे उभे राहा, तो चुकला तरी मध्ये तोंड घालायचं नाही. नव्या गावी गेल्यावर फोन आला तर उचला. पण स्वतःहून "काय चाललंय टेकडीवर, पाणी घातलं का" असे मेसेज टाकत बसू नका, त्यांना ते तपासणीसारखं वाटतं.